खडकावरचं जाळं

"अगं, जाळं आहे ते, साप नाही. नीट धर," वहिनी म्हणाल्या, तशा मासळीच्या शेडमध्ये बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. वस्तीतली नवी सून ओशाळली आणि कुबट वासाचा तो गुंता तिनं मांडीवर ओढून घेतला.

समुद्रानं किनाऱ्यावर फेकलेली तुटकी जाळी आणि दोर यांपासून वस्तू करायला वहिनी शिकवत. आधी गोड्या पाण्यात धुवायचं, मग उन्हात वाळवायचं, मग उकलायचं आणि शेवटी विणायचं. पायपुसणी, पिशव्या, झोळे असं बरंच काही त्या करत. होडी धक्क्यावर आपटून फुटू नये म्हणून मध्ये टांगायचे दोराचे जाडजूड गठ्ठेही करत. बाया त्यांना 'लोड' म्हणत.

त्या साऱ्या वस्तीच्या वहिनी होत्या, कारण त्यांचा नवरा साऱ्या वस्तीचा दादा होता. काळ्या खडकापाशी कुणीतरी टाकून दिलेलं जाळं त्याच्या होडीच्या पंख्यात अडकलं. ते कापायला तो सुरी घेऊन पाण्यात उतरला आणि स्वतःच गुरफटला. धाकटा भाऊ होडीवरच होता. त्यानं दादाला वर काढलं, पण उशीर झाला होता. जाळं तिथंच खडकाला राहिलं.

पुढे धाकट्यानं होडी सांभाळली, पण वहिनींचा वर्ग काही त्याच्या पचनी पडला नाही.

"ज्यानं दादा गेला, त्याच्या पिशव्या करताय," तो एकदा म्हणाला. "तुमचं मन तरी कसं होतं?"

"मन कुठं होतंय, भावजी," वहिनी म्हणाल्या. "पण पाण्यात राहिलं तर आणखी कुणाला तरी धरेल ते."

त्यानंतर तो त्या विषयावर बोलला नाही. शेडकडेही फिरकला नाही.

अशात बंदराच्या कचेरीनं नव्या धक्क्यासाठी लोड मागितले. बायांकडे कुणी आपण होऊन काही मागण्याची ही पहिलीच वेळ. सगळ्या हौसेनं कामाला लागल्या. पण किनाऱ्यावरचा माल उन्हानं कडकडीत झालेला, पीळ दिला की तुटायचा.

"काळ्या खडकाला आहे की जाड जाळं," एकजण बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.



"तिथलं नको," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "त्यासाठी कुणाच्या जिवाशी खेळ नको. जमतील तेवढेच देऊ. कचेरीला मी सांगते."

दोन दिवसांनी दुपारी त्यांची जाऊ धापा टाकत शेडमध्ये आली. "वहिनी, हे खडकाकडे गेलेत. शेजारची होडीपण नेलीये. मला आत्ता कळलं."

वहिनींनी हातातला लोड अर्धवट टाकला. त्या धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग बाया आल्या. बाकीच्या होड्या केव्हाच परतल्या होत्या. जावेनं वहिनींचा दंड घट्ट धरला.

बऱ्याच वेळानं दोन्ही होड्या दिसल्या. दिराची होडी पुढे होती, ओझ्यानं पाण्यात बसलेली. तिच्यावर मासळीची एकही टोपली नव्हती. शिंपले चिकटलेल्या हिरव्या जाळ्याचा डोंगर तेवढा होता.

"कुणी पाण्यात उतरलं नाही ना?" वहिनींनी आधी तेच विचारलं.

"नाही. ओहोटी धरून गेलो. दोन्हीकडून आकडे टाकून ओढलं. सुटता सुटेना." त्यानं बाहीनं मान पुसली. "आज मासळी नाही, वहिनी. एवढंच आहे."

बायांनी जाळं हातोहात वर ओढून घेतलं. नवी सून सगळ्यांत पुढे होती.

धक्क्यावरून जाणाऱ्या एकानं चेष्टा केली, "काय रे, आज कचराच लागला का गळाला?"

"वहिनींच्या वर्गाचा माल आहे," दीर म्हणाला. "पाय देऊ नकोस त्याच्यावर."

वहिनी जाळ्यापाशी खाली बसल्या. एका कोपऱ्यात अडकलेला मासा अजून तडफडत होता. त्यांनी भोवतीचे दोन फास कापले आणि तो पाण्यात सोडला. मग ओल्या जाळ्यावर तळवा टेकवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"गोडं पाणी आणा," अखेर त्या म्हणाल्या. "ऊन आहे तोवर धुऊन घेऊ."

सगळ्यांच्या आधी दिरानं बादल्या उचलल्या आणि तो नळाकडे चालू लागला.