अर्धी डहाळी

काल संध्याकाळी रोमेडचा हात थरथरला आणि गोळी शिंगाळ्या हरणाच्या काळजाऐवजी पुढच्या पायात बसली. रात्रभर म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मुका जीव अर्धमेला टाकून आपण पांघरुणात पडलोय, याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

उजाडताना हरीण दुर्बिणीत दिसलं, घळीच्या मध्यावर, बुटक्या पाइनच्या झुडपात बसलेलं. घळीच्या माथ्यावर खिंड आणि खिंडीपलीकडे दुसऱ्यांचं शिकारीचं रान. टिरोलच्या डोंगरात परक्या रानात बंदूक घेऊन कुणी पाऊल टाकत नाही. हरीण तिकडे निसटलं, तर पाय सडून तडफडत मरणार.

"मी खालून जाते," त्याची नात नोत्बुर्गा म्हणाली.

"म्हणजे ऊन चढलं की तुझा वास त्याच्या नाकात, आणि ते खिंडीपार! तू मागच्या अंगाने वर चढ. डोंगर मध्ये राहू दे."

"पण आत्ता वारा खाली उतरतोय, आजोबा. खिंडीतूनही वास जाईलच की."

"म्हणून आधी कड्याआडच थांब. घळीत ऊन आलं, वारा वर फिरला, की मग खिंडीत शीर."

"आणि ते उठलंच नाही तर?"

"उठवतो मी." त्याने आपली बंदूक तिच्या हातात दिली.

त्याच्या गुडघ्यांनी चढणीशी केव्हाच काडीमोड घेतला होता. तो खाली घळीच्या तोंडाशी दगडावर बसला आणि शिकारीत जन्मात केलं नव्हतं ते त्याने केलं. पाइप पेटवला. अंगाला साबणाचा वास येतो म्हणून सख्ख्या मुलाला शिकारीतून घरी हाकलणारा हा माणूस!

धूर बुटांकडे उतरत होता. तेवढ्यात सूर्याआड ढग आला. वारा फिरायच्या आधीच पोरगी घाईने खिंडीत शिरली तर? त्याने मान वर केली.

"सरक रे बाबा," तो ढगाला म्हणाला.

ढग सरकला. कडा पिवळा झाला, धूर क्षणभर घुटमळला आणि घळीतून वर चढू लागला. रोमेडने घामट जाकिटाची बटणं सोडली. वर झुडूप हललं. हरीण तीन पायांवर उठलं, त्याने नाक खाली वळवलं.

"घे वास. मीच तो," म्हातारा पुटपुटला.

ते लंगडत खिंडीकडे निघालं. म्हाताऱ्याला पुढचं बघवेना. एक बार ऐकू आला. दुसऱ्याची गरज पडली नाही.

नोत्बुर्गा उतरून आली तेव्हा तिच्या टोपीत हरणाचं रक्त लावलेली, शिकाऱ्याच्या मानाची डहाळी होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी तिने पुढे केली.

"हरणाच्या तोंडात पाल्याचा शेवटचा घास ठेवलास?"

"ठेवला. ही तुमची."

"माझी कसली? डहाळी मारणाऱ्याची असते."

"आणि जखमी जनावर हुडकून देणाऱ्या कुत्र्याला त्यातली अर्धी, असा रिवाज ना?"

"म्हणजे मी कुत्रा?"

"बोळका. आणि वास मारणारा."

म्हातारा हसायला गेला आणि रडला. त्याने टोपी पुढे केली, तिने डहाळी खोचली. मग ती त्याची बंदूक परत देऊ लागली, तर त्याने हात मागे घेतला.

"राहू दे तुझ्याकडेच. यापुढे मी कुत्राच बरा."