बरणीतली कसर

आमच्या गल्लीत चाळीस घरं, पन एका बाईनं मले एक कसर देल्ली नाही.

"तुमच्या घरी कसर आहे काय वं?" असं विचारलं का दार तोंडावर बंद. जशी काही मी त्याईच्या पोरीले नावं ठेवाले गेली होती! इंदुताईच्या लुगड्याले सतरा भोकं, मी माह्या डोळ्यानं मोजले. पन ते बाई म्हनते कशी, "आमच्या सात पिढ्यात कसर नाही, जयवंता. तुह्याच घरी पाय."

अन् माह्याच घरी तर नव्हती ना, बाप्पा! तेच तर रडगानं होतं.

कसर म्हंजे चांदीच्या रंगाचा, सरसर पळनारा बारीक किडा. आमी कोष्टी लोक सुताले तांदळाच्या पिठाची खळ लावतो, अन् ते खळ म्हंजे ह्या किड्याची मेजवानी. म्हनून मी सीताफळाच्या बिया वाळवते, कुटते, वस्त्रगाळ करते. खळ शिजवताना ते पावडर चिमूटभर टाकली का कसर फिरकत नाही. सासूनं शिकवलं, तिले तिच्या मायनं. विषच आहे ते. डोळ्यात उडालं तर दिवसभर डोळा उघडत नाही.

लकडगंजचे ईश्वरदास शेठ म्हने, "जयवंताबाई, डबे भरून द्या, मी पार वऱ्हाडात पोचवतो. पन विषाची चीज आहे, कागद पाह्यजे. पह्यले राज्याचा, मंग दिल्लीचा. बिना कागदाचं मी दुकानात ठेवत नाही."

त्या कागदावर सारं अडलं होतं. मिलच्या कपड्यापुढे हातमागाले कोन पुसते? घरधन्यानं मागाचं लाकूड विकाचं ठरवून टाकलं होतं. नवऱ्याचं नाव घ्याचं नसते, पन कागदाच्या अर्जावरच लिहिलं आहे तर सांगते, कवडू. दिवाळीच्या तोंडावर गाडीवाला येऊन माग मोडून नेनार होता. पावडर चालली तर माग राहीन, नाही तर चुलीत जाईन. ज्याच्यावर मानसानं तीस वर्सं काढली, ते जळताना मले पाह्यवलं नसतं. बस, एवढंच होतं माह्यं.

सिव्हिल लाईनच्या ऑफिसात शेती खात्याचे अनंत साहेब बसत. इतकं हळू बोलत, जसे काही झोपेतून बोलून राहिले. म्हने, "बाई, औषध किडे मारतं, हे पाहिल्याशिवाय मी कसं लिहू? पन्नास जिवंत किडे आणा. सकाळी टाकू, संध्याकाळपर्यंत मेले तर शिफारस करतो."

"किडे टिकतात अशी पावडर असती, तर मी तुमच्यापाशी काहून आली असती, साहेब?"

ते हसले नाही. मलेच हसू आलं, अन् मंग घरी येतवर रडू आलं.

गल्लीभर हिंडून आली, तर घरधनी मागाखालच्या, पाय सोडाच्या खड्ड्यात बसले होते. मागावर ताना नव्हता, उभ्या सुताचा एक धागा नव्हता, तरी पाय मागाच्या पावड्यावर खाली-वर चालून राहिले होते. खट, खट. म्हने, "मागत काहून फिरतं वं? पंगत वाढ. पाहुने आपल्या पायानं येतात."

अन् ह्या मानसानं काय केलं असन? शेवटच्या लुगड्यातलं दोन हात कापड ठेवलं होतं जपून. मोरपंखी रंगाचं. ते काढून माह्या हातात देल्लं. मी ते पदराखाली घेतलं. बोलली असती तर त्यानं परत घेतलं असतं.

ते कापड मी अंधाऱ्या कोपऱ्यात माठात टाकलं अन् दर चौथ्या दिवशी त्याले ताजी खळ लावू लागली. पंधरा दिवसानं पह्यली कसर आली. मंग दुसरी. कोनाच्या भिंतीतून आल्या, इंदुताईले माहीत.

काय सांगू तुमाले, ते सहा महिने मी जागी होती का झोपेत, माह्यं मले समजत नव्हतं. दुपारी छपराच्या कवेलूच्या फटीतून उन्हाचा एक धागा माठावर पडे. त्यात त्या कसरी चमकत, थांबत, पुन्हा चालत. खाऊन राहिल्या होत्या, पन मले वाटे का विनूनच राहिल्या. बसल्या बसल्या माहा डोळा लागे. झोपेत माग चालल्याचा आवाज येई, अन् ते मोरपंखी कापड वाढत वाढत दारातून, गल्लीतून, पार कन्हानच्या नदीपर्यंत जाई. जागी झाली का घरधनी विचारत, "आज किती?" मी म्हने, "तीस." मंग चाळीस. रोज दोन-चार मरून पडत, ते मी झाडून टाके. म्हाताऱ्या असतीन, म्हटलं.

छप्पन सालच्या ऑक्टोबरच्या एकोनतीस तारखेले काचेच्या बरनीत साठ कसरी घेऊन मी ऑफिसात गेली. अन् पाहते तं ऑफिसच उठून चाललं होतं! नवी राज्यं होऊन राहिली होती, तीन दिवसानं नागपूर राजधानी राहनार नव्हतं. व्हरांड्यात पेट्या, सुतळ्या, खुर्च्यावर खुर्च्या. फायली भोपाळले जाऊन राहिल्या होत्या. गर्दीत अनंत साहेब तेवढे आपल्या टेबलापाशी बसले होते.

"राज्य अजून तीन दिवस आहे. टाका," ते म्हने.

टाकली पावडर. बसलो आमी. दहा वाजले, बारा वाजले, तीन वाजले. चार कसरी मेल्या. बाकीच्या छप्पन आपल्या मजेत फिरत होत्या, जशा काही सीताबर्डीवर फिराले आल्या.

साहेबानं लिहाले टाक उचलला. तवा मी माह्या उजव्या हाताकडे पाह्यलं, अन् मले समजलं.

खळ! तीस वर्सं झाले, खळ शिजवली का माहा हात आपोआप डब्याकडे जाते अन् चिमूट टाकते. त्याले मले विचाराचं काम नाही. सहा महिने मी त्या कसरीले विषच चारून राहिली होती. ज्या मराच्या त्या मेल्या. ह्या उरलेल्या.

"साहेब," मी म्हटलं, "ह्या विषावरच वाढल्या. माह्याच हातानं. चूक माही आहे, पावडरीची नाही." अन् रडली मी तिथंच, लाजबीज सोडून.

साहेबानं बरनीचं झाकन लावलं. मंग उठले, भोपाळची एक पेटी उघडली अन् जुनी फाईल काढून टेबलावर झटकली. चांदीसारखे किडे भराभरा पळाले. "ह्यांनी आजवर फक्त सरकारी कागद खाल्ला आहे," ते म्हने. पह्यल्यांदा हसले.

दुसरी बरनी घेतली, ते किडे धरून भरले, पावडर टाकली. दिवे लागाच्या आत एक जिवंत राह्यली नाही.

साहेबानं लिहिलं. दोन्ही लिहिलं. विषावर पोसलेली कसर मरत नाही, हे पन. मी हात जोडले, "तेवढं नका ना लिहू." ते म्हने, "बाई, खरं तेच लिहीन." मंग शिक्का मारला, एक कागद मले देल्ला अन् दुसरा माह्यासमोर दिल्लीच्या पाकिटात टाकला.

घरी आली तर दारात गाडी उभी. गाडीवाला हातोडा घेऊन मागापाशी, अन् घरधनी खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून.

"मेल्या?" त्यानं विचारलं.

"सरकारी मेल्या. आपल्या नाही मेल्या. माहा हात रोजच्या सवयीनं खळीत विष टाकत होता."

"सहा महिने विष खाऊन?"

"सहा महिने."

तो हसाले लागला. मी लग्न होऊन आली तवा असा हसे, मंग कधी बंद झालं, मले आठोत नाही. हसता हसता डोळे पुसले अन् गाडीवाल्याले म्हने, "जा गा तू. आज काही मोडाचं नाही."

"अन् दिल्लीचा कागद?" मी म्हटलं. "तो नाही आला तर?"

"येईन तवा येईन." तो खड्ड्यात उतरला. "तवरोक आपन काही मरत नाही वं."

गाडी रिकामी गेली. मी चूल पेटवली अन् खळ शिजाले ठेवली, सकाळी ताना भराचा होता. हात आपोआप डब्याकडे गेला. मी जाऊ देल्ला.