गणवेशाचा कागद

शिलाई कारखान्यात दरवर्षी गणवेश मिळण्याआधी मालक कोरे कागद देत. सगळ्यांत जुन्या कामगार मावशी मशीनमशीनवर फिरून बायकांच्या सह्या घेत. कुणी का-कू केली, की म्हणत, "सही करायला काय जीव जातोय का गं?"

मग नवा कायदा आला. सलग पाच वर्षं काम केलेल्यांना कायम करायचं. मावशी सगळ्यांना घेऊन तावातावाने कामगार अधिकाऱ्यांकडे गेल्या.

अधिकाऱ्यांनी फाईल पुढे सरकवली. "सलग कुठे? तुम्ही सगळ्यांनी दरवर्षी राजीनामा दिलाय."

मावशींनी फाईल उघडली. प्रत्येक सहीच्या वर राजीनामा छापलेला होता. मालकाला शिव्या घालायला त्या वळल्या, तर मागच्या चाळीस बायका त्यांच्याकडेच बघत होत्या.