उजवा कान

गल्लीत त्याला सगळे रंधाकाका म्हणायचे आणि त्याच्या बायकोला चिखलकाकू. तो सुतार, ती मातीच्या वस्तू करणारी. घरामागच्या एकाच लांबलचक खोलीत अर्ध्या भागात त्याचा भुसा, अर्ध्या भागात तिचा चिखल, आणि मधोमध खडूची एक रेघ. ती रेघ पस्तीस वर्षांत दोघांपैकी एकानेही पाळली नव्हती.

काकूने चाकाला कधी हात लावला नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, थापून, सगळं हातानेच घडवायचं. गेल्या वर्षी तिला कागदी मातीचा नाद लागला आणि घरातल्या रद्दीचे ग्रह फिरले. जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे पुठ्ठे, हाताला लागेल ते फाडून बादलीत भिजत घालायचं, घुसळून लगदा करायचा, पिळून पातळ मातीत कालवायचा आणि ते सगळं प्लास्टरच्या लादीवर पसरून घट्ट होऊ द्यायचं. एकदा बादली आठवडाभर झाकून राहिली तेव्हा शेजारीण, “तुमच्याकडे उंदीर मेलाय का हो?” असं विचारून गेली. काकाचं निम्मं सोडवलेलं शब्दकोडंही त्याच बादलीत गेलं होतं, आणि ते दुःख तो अजून उगाळत होता.

“माती कमी पडली म्हणून रद्दी घालतेस का?” तो म्हणायचा. “आणि भट्टीत जळूनच जाणार, तर घालायची कशाला?”

“तुम्ही डोकं नका चालवू. रंधा चालवा,” काकू म्हणायची.

यंदा तिला पहिल्यांदाच एका प्रदर्शनात जागा मिळाली होती. एकच वस्तू मांडायची, येत्या रविवारी. बासष्टाव्या वर्षी आलेली ही संधी, म्हणून तिने महिनाभर खपून नवऱ्याचंच डोकं घडवलं, खांद्यापर्यंत, आतून पोकळ. काकाला आधी फार अभिमान वाटला. आरशासमोर दोनदा भांगही पाडून आला. मग लेक माहेरी आली आणि खोलीच्या दारातच हसत सुटली.

“आई, हे बाबांचे कान आहेत की सुपं?”

काकू हसली. काकाही हसला, सगळ्यांत मोठ्याने. पण ते त्याच्या मनाला लागलं. जन्मभर करवतीच्या आवाजात काढल्याने त्याचा डावा कान गेल्यातच जमा होता, आणि उजव्यावर कसंबसं भागत होतं. हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ऐकू आलं नाही की तो ‘हो हो’ म्हणून वेळ मारून न्यायचा. आता बायकोने तेच कान सुपाएवढे करून चारचौघांत मांडायला घेतले होते.

मंगळवारी काकू बाजारात गेली. डोकं फळीवर कडकडीत वाळून बसलं होतं. काकाने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून पॉलिश पेपर काढला. जरासंच घासायचं, बस. उजव्या कानापासून सुरुवात केली. कान बऱ्यापैकी आवरत आला होता. तेवढ्यात ‘अजून थोडं’ म्हणून त्याने अंगठा दाबला आणि कान टचकन निखळून त्याच्या तळहातावर आला.

त्याने तो परत जागेवर टेकवून पाहिला, पण राहीना. मातीकामातलं त्याला एकच कळत होतं, कारण ते पस्तीस वर्षं ऐकलेलं होतं: वाळलेल्याला ओलं लागत नाही. वाळलेलं भांडं तुटलं की काकू ते पाण्यात बुडवून पुन्हा चिखल करायची, दुसरा इलाज नसायचा. आणि रविवार तोंडावर आलेला. मग त्याने सुतार जे करेल तेच केलं. बारीक भोकं पाडली, लाकडी खुंटी बसवली, पांढरा गोंद लावला आणि खाली फडक्याची घडी ठेवून वरून शिकंजा आवळला. तासाभराने शिकंजा काढला तेव्हा सांधा शोधून सापडत नव्हता. त्याने खुंटी मारलेलं आजवर काही सुटलं नव्हतं, त्यामुळे त्याची छातीही थोडी फुगली.

काकू आली, डोक्याभोवती एक फेरी मारली, क्षणभर थबकली आणि चहा ठेवायला गेली.

“उद्या भट्टी लावते,” चहा देताना ती म्हणाली. “सावकाश तापवावी लागेल. आधी सगळा कागद जळतो. खिडक्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर धुराने जीव घुसमटतो.”

“हो हो.”

“आणि कागदच नाही,” ती त्याच्या उजव्या बाजूला सरकून बसली, “जळण्यासारखं जे जे असेल ते सगळं जातं. गोंद जातो. लाकूड जातं.”

काकाला ठसका लागला. “लाकूड पण?”

“लाकूड तर आधी. का हो? तुमचं काही आहे का आत?”

“माझं काय असणार!”

“नाही, आपलं विचारलं.”

जेवताना तिने पुन्हा विषय काढला. कुणीतरी म्हणे एकदा भट्टीत फूटपट्टी विसरलं होतं, चिमूटभर राखसुद्धा सापडली नाही. काकाने कालवलेला भात पुन्हा कालवला. कान तुटला हे सांगता आलं असतं. पण मग का घासला तेही सांगावं लागलं असतं, आणि ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं.

बुधवारी सकाळी काकूने भट्टीचं झाकण लावलं आणि बटणावर बोट ठेवलं.

“लावू?”

“लाव.”

“लावते हं.”

“थांब!” काका ओरडला. “कान मी तोडला. आत खुंटी आहे. लावू नकोस, तुझी महिन्याची मेहनत जाईल.”

काकूने शांतपणे झाकण उघडलं. भट्टीत नुसत्या वाट्या होत्या. डोकं मागच्या फळीवर फडक्याखाली सुखरूप बसलं होतं.

“काल आल्या आल्याच दिसलं,” ती म्हणाली. “फळीखाली मातीचा भुसा, गालावर शिकंज्याचा वळ. म्हटलं बघू, केव्हा तोंड उघडताय. बटणाला हात लागला तरी तुम्ही ढिम्म!” मग ती जवळ आली. “पण घासलात कशाला?”

काका खडूच्या रेघेकडे बघत राहिला. “बहिऱ्या माणसाला एवढाले कान. लोक हसतील. तू हसलीस तेवढं पुरे झालं.”

काकूचं हसू मावळलं. तिने फडकं काढलं आणि त्याचा हात धरून त्याला डोक्यासमोर उभं केलं.

“डावा मोजून बघा. तुमचा आहे तेवढाच आहे. उजवा पुढे आलाय म्हणून मोठा दिसत होता. आणि तो पुढे आलाय कारण मान वळलेली आहे. दिसत नाही का तुम्हाला? मी नुसतं भाजीचं बोलले तरी तुम्ही हातातलं काम टाकता, मान वळवता आणि हा कान पुढे करता. धड ऐकू येत नाही, तरी. ज्यांना ऐकू येतं ते नवरेसुद्धा एवढं करत नाहीत हो. मला ते फार आवडतं. म्हणून केलं.”

या वेळी काकाला शब्दन् शब्द ऐकू आला. डोळे पुसायला काही सापडेना, तेव्हा त्याने पॉलिश पेपर काढला, आणि काकूने तो हातातून हिसकावून घेतला.

“आता?” तो म्हणाला. “नवीन करायला वेळ नाही.”

“नवीन कशाला?” तिने पकडीने खुंटी उपटली, गोंद खरवडून काढला, दोन्हीकडे पाण्याचा हात फिरवला आणि लगद्याची पातळ माती लावली.

“अगं, वाळलेल्याला ओलं लागत नाही ना?”

“साध्या मातीला. हिच्यात कागदाचे तंतू आहेत, ते पाणी ओढून घेतात आणि धरून ठेवतात. वर्षभर हेच तर सांगतेय! तुमचं आपलं शब्दकोडं, शब्दकोडं. धरा आता, हलू नका.”

काका स्वतःचा कान धरून दहा मिनिटं उभा राहिला. अशी शिक्षा त्याला शाळेनंतर पहिल्यांदाच झाली होती. घासलेला भाग काकूने भरून काढला, आणि त्याला वाटलं, थोडा जास्तच भरला.

गुरुवारी भट्टी लागली. पहिले काही तास खिडकीतून असा धूर निघाला की शेजारीण पुन्हा येऊन गेली. शनिवारी झाकण उघडलं तेव्हा डोकं हाताला हलकं लागलं आणि कान जागच्या जागी होता. मागच्या बाजूला केसाएवढी रेघ उरली होती, ठाऊक असेल त्यालाच दिसावी अशी.

रविवारी प्रदर्शनात काका डोक्यापासून चार हात लांब, खांबाला टेकून उभा राहिला. त्या गोंगाटात त्याला काही कळत नव्हतं. एक बाई डोक्यासमोर बराच वेळ थांबल्या, मग त्याच्याकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. ‘हो हो’ त्याच्या ओठांवर आलंच होतं. पण तो थांबला. त्याने मान वळवली आणि उजवा कान पुढे केला.

“जरा मोठ्याने बोला,” तो म्हणाला. “मला कमी ऐकू येतं.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग डोक्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि काय विचारायचं होतं तेच त्या विसरल्या.

“लांबूनच बघा हं,” पलीकडून चिखलकाकू म्हणाली. “तो कान बुधवारीच बसवलाय.”