पिछाडीचा माणूस

"बसू नकोस. उभ्यानेच दम खा. एकदा बसलीस की गुडघा धरेल."

"उभ्याने घोडी दम खातात, एवज आगा," तेल्ली म्हणाली आणि मुद्दाम एका सपाट दगडावर टेकली. "लग्न झाल्यापासून तुमच्या घरात उभीच आहे. आता सावलानच्या डोंगरावर तरी बसू द्या."

एवजने काठी घसाऱ्यात रोवली आणि वर पाहिले. गरुडशिळा मागे पडून बराच वेळ झाला होता. पुढची मंडळी बरीच वर पोहोचली होती. सुट्या दगडांच्या त्या उभ्या उतारावर त्यांच्या रंगीत टोप्या एका ओळीत हलताना दिसत होत्या. त्या ओळीच्या टोकाशी, कड्याच्या खोबणीपलीकडे, तळे होते. नेहमीच्या चालीने तासाभराचे अंतर. तेल्लीच्या चालीने दोन तासांचे.

इराणातल्या अर्दबीलच्या कापडगिरणीत एवज बाष्पकावर, म्हणजे बॉयलरवर, होता. गिरणीतल्या कामगारांनी गिर्यारोहणाचा गट काढला तेव्हा आघाडी बहलूलकडे आली आणि पिछाडी एवजकडे. पुढे गिरणी बंद पडली, गट राहिला, आणि नेमणुकाही तशाच राहिल्या. नियम साधे होते. पिछाडीच्या माणसाच्या मागे कोणीही राहायचे नाही. अकरा वाजता जो जिथे असेल तिथे त्याने थांबायचे. त्याला पुढे न्यायचे की परत फिरवायचे, हे पिछाडीचा माणूस ठरवील. त्याचा निर्णय गटप्रमुखही बदलत नसे. जो परत फिरे, त्याच्याबरोबर एवजही परत फिरे. त्यामुळे इतक्या वर्षांत त्याने स्वतः तळे पाहिले होते ते बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. मात्र त्याच्या मागे कधी कोणी राहिले नव्हते. न झालेल्या अपघाताची आठवण कोणी ठेवत नाही, याची त्याला सवय होती. बाष्पकाच्या सुरक्षा-झडपेचेही तसेच असते.

तेल्ली त्याचे मोजे वाळत घाले, थर्मास भरून देई आणि संध्याकाळी विचारी, "गेलात का तळ्यापर्यंत?" गेला असेल त्या वर्षी दुसरा प्रश्न असे. "कसं आहे?"

"पाणी आहे. थंड आहे."

"हे मला आमच्या विहिरीनेही सांगितलं असतं. रंग सांगा. निळं म्हणजे कुठलं निळं?"

ती गालिचे विणत आली होती. नीळ एकदा बुडवलेली, दोनदा बुडवलेली, डाळिंबाच्या सालीवर चढवलेली, असे निळे तिला डोळे मिटून ओळखता येत. एवजला उत्तर देता येत नसे. "पाण्याचं असतं तसं निळं," तो म्हणे आणि ती हात जोडी.

त्या मुलखात माणसे शपथ घेतात ती सावलानची. घेतली की खोटे बोलता येत नाही. तेल्लीचे म्हणणे एवढेच होते, की ज्याची जन्मभर आण घेतली त्याचे तोंड, ते माथ्यावरचे तळे, एकदा पाहावे. मुले, सासू, मग माग, असे करत ते राहून गेले. मागापुढे पाय दुमडून बसून गुडघे झिजले होते. वसंतात डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितले, की ह्या उन्हाळ्यापर्यंत ठीक, पुढे घरचे जिनेसुद्धा मोजून चढावे लागतील. तेव्हापासून ती रोज पहाटे इमारतीचे मजले चढत-उतरत होती. शेजारणींना वाटे, बाईंचे काहीतरी हरवले आहे.

वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. बहलूल खाली उतरून येत होता. त्याच्या मागे रोट्यांच्या भट्टीवाला नुसरत, धापा टाकत.

"उस्ता, अकरा झाले," बहलूल एवजला म्हणाला. एवढेच बोलून तो थांबला. पुढचे बोलायचा अधिकार त्याचा नव्हता.

नुसरतला अशी बंधने ठाऊक नव्हती. "त्यात काय एवढं? वहिनींना मी पाठीवर घेतो. जन्मभर पोतीच वाहिली आहेत."

"म्हणजे मी पोतं?"

"मैद्याचं, वहिनी! जाड्याभरड्या पिठाचं नाही म्हणालो."

तेल्ली मोठ्याने हसली. एवजने त्या हसण्याकडेही तपासणाऱ्याच्या नजरेने पाहिले. ओठ लाल होते. श्वास जागेवर होता. डावा गुडघा सुजला होता, पण वजन घेत होता. चाल तेवढी मंद. पश्चिमेला, हरमच्या सुळक्यावर, लोकरीच्या पुंजक्याएवढा एक ढग टेकला होता. दुपारी सावलानवर गारा कोसळतात. त्याआधी ह्या घसाऱ्यावरून खाली असले पाहिजे. तिच्या चालीने हिशेब बसत नव्हता. पण फरक फार मोठाही नव्हता.

दुसरे कोणी असते, तर एवज अशा वेळी म्हणाला असता, "अर्धा तास बघू." असे त्याने पूर्वी केलेही होते. पण समोर बायको होती आणि वर बहलूल उभा होता. बहलूलच्या सख्ख्या भावाला एवजने ह्याच उतारावरून परत फिरवले होते, आणि बहलूलने चकार शब्द काढला नव्हता. त्या माणसासमोर स्वतःच्या घरच्या माणसाला सवलत कशी द्यायची?

"परत," एवज म्हणाला.

 नुसरत आपल्या बुटांकडे पाहू लागला. तेल्लीने नवऱ्याकडे पाहिले, मग वरच्या खोबणीकडे पाहिले, आणि ती काठीवर जोर देऊन उठली. स्कर्टची धूळ झटकली. पाठीवरची पिशवी उघडून तिने एक डबा नुसरतच्या हातात दिला. त्यात काळा हलवा होता. दोन रात्री ढवळून केलेला.

"तळ्याकाठीच वाटा," ती म्हणाली. "आधी नाही हं. तुमचा काही भरवसा नाही."

"सावलानची आण, वहिनी."

नुसरतने पिछाडी घेतली. टोप्यांची ओळ पुन्हा हलू लागली.

उतरताना तेल्ली पुढे, एवज मागे. कठीण जागी तो "डावीकडे" किंवा "हळू" असे म्हणे आणि ती तशी पावले टाकी. गरुडशिळेपाशी ती थांबली. मागे न वळता तिने विचारले,

"मी परकी असते तर थांबला असतात का?"

"नियम सगळ्यांना सारखाच."

"ते नाही विचारलं. सावलानची आण घेऊन सांगा. दुसऱ्या कोणाची बायको असते, तर अर्धा तास दिला असतात की नाही?"

एवजने तोंड उघडले. खोटे बोलायचे असते तर आण मधे होती, आणि खरे बोलायला जीभ उचलत नव्हती. वारा नव्हता, खालच्या कुरणातून मेंढ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"कळलं," तेल्ली म्हणाली आणि चालू लागली.

खाली, वाटेवरच्या दगडी निवाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून दोघे बसले. तिने भाकरी आणि चीज काढले, चहा ओतला, खडीसाखर त्याच्या बाजूला सरकवली. रोजच्यासारखे. एवजची नजर हरमवर होती. तो ढग तिथेच होता. मग तो थोडा रुंद झाला, आणि एवजच्या छातीतले काहीतरी सैल झाले. मग त्याच्या कडा विरल्या. पाहता पाहता तो इतका पातळ झाला की पलीकडचा खडक दिसू लागला. नंतर तिथे नुसते आभाळ उरले.

दुपार चढली. एवज दर थोड्या वेळाने उठून निवाऱ्याच्या कोपऱ्यावरून पश्चिमेकडे पाहून येई. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तेल्लीने पेला खाली ठेवला.

"गारांची वाट बघताय?"

"काय बोलतेस! वर आपली माणसं आहेत."

"तेच म्हणते मी," ती शांतपणे म्हणाली. "वर आपली माणसं आहेत."

एवज पुन्हा उठला नाही. त्याला आपल्या हातांची लाज वाटली आणि ते कुठे ठेवावेत हे कळेना. इतकी वर्षे ज्या गारांपासून त्याने माणसांना राखले, त्याच तो आज मनातल्या मनात मागत होता. फक्त स्वतःचे बरोबर ठरावे म्हणून. आभाळ गालिच्यासारखे टोकापासून टोकापर्यंत ताणलेले होते. एकही गाठ सुटली नव्हती.

मंडळी आली ती उन्हाने भाजलेली, ओरडत, हसत. नुसरत सर्वांत शेवटी होता आणि पिछाडीचा मान फार गंभीरपणे घेत होता.

"वहिनी, असं ऊन मी आयुष्यात पाहिलं नाही! काठावर अंगरखे काढून बसलो. आणि हलवा! बहलूलभाईंनी बोटं चाटली, मी पाहिलं."

"आणि तळं?"

"निळं, वहिनी! निळंशार!"

"कुठलं निळं?"

नुसरत गोंधळला. त्याने बहलूलकडे पाहिले. बहलूल टोपीशी चाळा करत राहिला. मग नुसरतला काहीतरी आठवले; त्याने पिशवीतून एक बाटली काढून तिच्यापुढे धरली. "हे घ्या. खास तुमच्यासाठी. अगदी मधोमधचं म्हणत नाही, पण हात पुरला तिथवरचं."

तेल्लीने बाटली उन्हासमोर धरली आणि बराच वेळ पाहिली. त्या पाण्याला कुठलाच रंग नव्हता. झाकण उघडून ती दोन घोट प्याली.

"कसं आहे?" नुसरतने उत्साहाने विचारले.

तिने एवजकडे पाहिले. नजरेत राग नव्हता. असता तर त्याला बरे वाटले असते.

"पाणी आहे," ती म्हणाली. "थंड आहे."

जीपा खालच्या वळणावर उभ्या होत्या; तिथवर पायवाट होती. बहलूल निघाला, त्याच्यामागे सगळे. एवज नेहमीप्रमाणे बाजूला उभा राहिला आणि शेवटचा माणूस पुढे जाण्याची वाट पाहू लागला. शेवटची तेल्ली होती. तीही उभी होती, डोंगराकडे तोंड करून.

"चल," तो म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढे."

"तेल्ली, माझ्या मागे कोणी..."

"व्हा पुढे, एवज आगा. मला अजून जरा बघायचंय."

बहलूल वळणावर थांबून मागे पाहत होता. एवजने काठी उचलली आणि तो चालू लागला. मागे आपल्यानंतर कोणाचे तरी पाऊल वाजते आहे, हे त्याला नवे होते. तिची काठी दगडावर वाजे, मग थांबे. ती थांबली की तोही थांबे. मान वळवण्याचे धाडस त्याला झाले नाही. काठी पुन्हा वाजेपर्यंत तो तसाच, पायवाटेच्या मधोमध, उभा राही.