गल्लीतला उन्हाळा

निजामाच्या राज्यात नांदेडच्या गिरणीत कामाला लागलेल्या गुणाबाईला उन्हाळ्यात आपल्या गल्लीची किळस यायची. दारातली गटार सडायची, माशा भाकरीवर बसायच्या, रात्री ढेकणांनी अंगभर गांधी उठायच्या. भोकरहून न्यायला आलेला धाकटा भाऊ व्यंकट वासानं उंबऱ्यातच थबकला.

"आक्का, ह्या घाणीत कशाला राहतीस? चल घरी."

"घाण लई हाय, मलाबी मळमळतंय," गुणाबाई म्हणाली. "पर गावात इधवेचं तोंड दिसलं की माणसं माघारी फिरत्यात. इथं शेजारणीनं लग्नात लेकीला हळद माझ्या हातनं लावून घेतली."

व्यंकट संध्याकाळी एकटाच परतला. गुणाबाई नळावर गेली. घागरीत गढूळ, कुबट पाणी आलं. थू करून तिनं ते ओतून दिलं आणि पुन्हा रांगेत उभी राहिली.