दिव्याखालची जागा

कल्लाप्पानं खोकं टेबलावर उपडं केलं, तसे रबरी वायसर घरंगळत चंद्राबाईच्या पुढ्यात आले. पंपाच्या कंपनीनं परत पाठवलेला माल होता, चंद्राबाईनंच तपासून सोडलेला. चंद्राबाईनं एक उचलून डोळ्यांजवळ नेला, मग बोटानं चाचपला. कड फाटलेली होती. बोटाला कळलं, डोळ्यांना नाही.

"पुन्हा असं झालं तर काम बंद म्हणालेत," कल्लाप्पा म्हणाला. "दुसरं गिऱ्हाईक नाही आपल्याला, अक्का."

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रातल्या या कारखान्याला आता मालक नव्हता. भगवंतराव धंदा गुंडाळून निघून गेले, तेव्हा निपाणी-चिकोडीकडच्या या कामगारांनी यंत्रं विकत घेतली आणि कारखाना सगळ्यांच्या नावावर चालवायला घेतला. पहिल्या दिवशी नियम ठरवताना चंद्राबाई उभी राहिली होती. तिच्या नवऱ्याला भगवंतरावांनी काढलं ते फाटकावरच्या वॉचमनकरवी. तो बिचारा डबा हातात धरून संध्याकाळपर्यंत होसूर रोडवर उभा होता. त्यानंतर त्यानं जे अंथरूण धरलं ते धरलंच.

"इथं कुणाला काढायचं झालं तर समोर बसवून विचारायचं," ती म्हणाली होती. "त्याच्यासकट सगळे सरी, म्हणजे चालेल, म्हणाले तरच काढायचं. एकाचं जरी 'नाही' आलं, तर नाही."

टाळ्या पडल्या होत्या, पेढे वाटले होते. नवा जमाना आणायला निघालेली माणसं टाळ्या फार लवकर वाजवतात.

आज चंद्राबाईला काढायचं का, असं कल्लाप्पा तोच नियम धरून एकेकाला विचारत होता.

"सरी," संग्राम खाली बघत म्हणाला. बाकीचेही तसेच म्हणाले. मग वीणाची पाळी आली. तिला काम शिकवलं ते चंद्राबाईनं. सकाळी बसथांब्यावरून वीणाच तिला हात धरून रस्ता ओलांडून आणायची, आणि तिच्या नजरेतून सुटलेले फाटके वायसर गुपचूप बाजूला काढायची. आता ती चंद्राबाईकडे बघत राहिली.

"म्हण की," चंद्राबाई म्हणाली. "भिऊ नको."

"सरी," वीणा म्हणाली आणि रडू लागली.

राहिली चंद्राबाई. ती मन मोठं करील हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. संग्रामनं तर शाल-नारळाची पिशवीसुद्धा आणून खुर्चीखाली ठेवली होती.

"अक्का, तुमचं?"

चंद्राबाईला घरच्या खोलीतलं अंथरूण दिसलं, त्यावरचा नवरा दिसला.

"माझं नाही."



"सगळ्यांची पोटं आहेत यावर, अक्का," संग्राम म्हणाला.

"मला पण आहे की पोट. तपासायला नको, झाडलोट द्या."

"झाडलोट आपण पाळीनं करतो. त्याला वेगळा माणूस कशाला? आणि तपासायला नवं माणूस घ्यायचं, तर दोघींचा पगार कुठनं पुरवायचा?"

तिनं शब्द मागे घेतला नाही. कल्लाप्पानं वायसर परत खोक्यात भरले.

"एक 'नाही' आलं. नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

घरी जाताना चंद्राबाईला सगळ्यांसमोर तोंड दाखवायची लाज वाटत होती. तरी नियम टिकला याचा अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीणा थांब्यावर आली नाही. बराच वेळ वाट बघून चंद्राबाईनं ट्रकांच्या आवाजाचा अंदाज घेत एकटीनंच रस्ता ओलांडला. फाटकावर वॉचमन आडवा आला. त्याच्या हातात संग्रामची ती पिशवी होती.

"अक्का, स्वल्प थांबा. आत सोडू नको म्हणालेत."

"कोण म्हणालं?"

"सगळे."

तिच्या नवऱ्याला निदान एका माणसाच्या नावानं बोटं मोडता आली होती. तिच्याही तोंडाशी शिवी आली, पण ती कुणाला द्यायची ते कळेना.

"वीणा पण?"

वॉचमननं पिशवी पुढे केली. आत यंत्रं सुरू झाली होती. खिडकीतून तिच्या टेबलावरचा दिवा लागलेला दिसत होता, आणि दिव्याखाली कुणीतरी बसलं होतं. चंद्राबाईनं डबा दुसऱ्या हातात घेतला आणि डोळे बारीक करून पुन्हा पुन्हा पाहिलं. कोण आहे ते तिला दिसेना.